तंजावरात बाहेरचे आपण होतो

लग्नसराई आली की नातेवाईकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मराठी लग्नात संगीत कुठून आलं, मेहंदी कुठून आली, हळदीला सगळ्यांनी पिवळे कपडे घालून डीजेवर नाचायचं हे कोणी ठरवलं, आपली संस्कृती आपणच बुडवतोय वगैरे. खाली पाच-पंचवीस अंगठे. आणि महिन्याभराने तीच मंडळी दुसरा मेसेज टाकतात की बघा, सांबार मुळात आपलंच, संभाजी महाराज तंजावरला आले होते, आमटीला आमसुलं नव्हती म्हणून चिंच घातली आणि पुढे अख्ख्या दक्षिणेने ते उचललं. परत अंगठे, शिवाय दोन-तीन भगवे झेंडे.

सांबाराच्या या गोष्टीला त्या काळातला कागद काही कोणी दाखवत नाही, जेवताना सांगायला ठीक आहे. पण आपलं दुसऱ्याकडे गेलं तर अभिमान आणि दुसऱ्याचं आपल्याकडे आलं तर अतिक्रमण, हा हिशोब नक्की लागतो कसा? आणि गंमत म्हणजे तंजावरला खरोखर जे घडलं, जे कागदावर आहे, दगडावर कोरलेलं आहे, ते या सांबारापेक्षा कितीतरी भारी आहे आणि ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. कारण ते नीट वाचलं तर पहिल्या मेसेजची पंचाईत होते.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी (एकोजी पण म्हणतात) विजापूरचे सरदार म्हणून दक्षिणेत उतरले आणि १६७५ च्या सुमारास तंजावर ताब्यात घेऊन तिथेच राजे झाले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षं, कावेरीकाठी भोसल्यांची गादी होती. पुण्यात पेशवाई आली आणि बुडाली, तंजावर आपलं चालूच. आता ही मंडळी जिथे जाऊन बसली तिथे त्यांच्या आधी तेलुगू नायक राजे होते, रयत तमिळ, पंडितांचं संस्कृत आणि दरबारात काव्य-नाटक तेलुगूत. मराठी बोलणारे म्हणजे राजघराणं, सरदार, कारकून, गोसावी, कीर्तनकार, बास. थोडक्यात बाहेरचे आपण होतो. हातात तलवार असलेले बाहेरचे, पण बाहेरचेच.

आजच्या ग्रुपवरच्या तर्काने चालायचं तर या मूठभर लोकांनी एक तर सगळ्यांना मराठी करायला हवं होतं, नाहीतर स्वतःभोवती कुंपण घालून बसायला हवं होतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. व्यंकोजींचा मुलगा शहाजी १६८४ ला गादीवर आला. त्याच्या नावावर तेलुगूत नाटकं आहेत, तिरुवारूरच्या त्यागराज देवासाठी रचलेलं 'पल्लकी सेवा प्रबंधम्' तेलुगूतच आहे, आणि 'पंचभाषाविलास' नावाचं एक नाटक तर असं आहे की त्यात पात्रं पाच भाषांतून बोलतात, संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी. यातलं राजाने स्वतः किती लिहिलं आणि पदरच्या पंडितांनी किती, हा वाद अभ्यासकांनी घालत बसावा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की पाच भाषांचं नाटक कळणारा प्रेक्षक त्या दरबारात होता, आणि अशा नाटकाने आपलं मराठीपण कमी होईल अशी भीती भोसल्याच्या पोराला वाटली नाही.

आणि मराठी सोडली का, तर तेही नाही. त्याच्याच काळात तंजावरला मराठी नाटकं लिहिली गेली, 'लक्ष्मीनारायण कल्याण' वगैरे, घाट दाक्षिणात्य यक्षगानाचा आणि भाषा मराठी. आपण शाळेत शिकलो की मराठी नाटक १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सुरू केलं. रंगभूमीची सलग परंपरा तिथून, हे खरंच आहे. पण त्याच्या दीडशे वर्षं आधी कावेरीकाठी मराठी नाटक होत होतं हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

मला त्या घराण्यात सगळ्यात आवडतो तो दुसरा सरफोजी. १७९८ ला गादीवर आला, लगेच १७९९ मध्ये कंपनीने कारभार काढून घेतला, हातात किल्ला आणि पेन्शन उरलं. दुसरा कोणी असता तर शिकार आणि जनाने यात आयुष्य काढलं असतं. या माणसाला श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याकडून शिक्षण मिळालेलं, इंग्रजी येत होतं, वैद्यकाचा नाद होता, पुस्तकांचं तर वेडच. आज आपण सरस्वती महाल म्हणतो ते ग्रंथालय नायकांपासूनचं, पण ते त्याने इतकं वाढवलं की आता त्याच्याच नावाने ओळखतात. १८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी टाइपचा छापखाना काढला, आणि तिथे इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, पुण्या-मुंबईत मराठी छपाईचा जम बसायच्या आधी. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला, मराठीत. चोळांनी बांधलेलं देऊळ, तमिळ शिलालेखांनी भरलेलं, आणि त्यातच आपली बखर. (याला उद्धटपणाही म्हणता येईल, मी नाही म्हणणार नाही.)

पण सरफोजीचं खरं काम बघायचं तर 'देवेंद्र कुरवंजी' बघा. कुरवंजी हा अस्सल तमिळ प्रकार, त्यात डोंगरातली कुरव जमातीची बाई येते, नायिकेचा हात बघते, भविष्य सांगते, गाणी-नाच असं सगळं. सरफोजीने तो घाट घेतला, मराठीत लिहिलं, आणि भविष्याच्या जागी त्या बाईच्या तोंडी काय घातलं तर जगाचा भूगोल! खंडं, देश, शहरं, जे त्याला युरोपियन पुस्तकांतून कळलं ते सगळं, इंद्राणीला गाण्यातून सांगितलेलं. म्हणजे तमिळ लोकनाट्य, मराठी भाषा, युरोपचा नकाशा आणि पुराणातली पात्रं. सांगा बघू हे कोणाचं? याला 'मूळचं कुठलं' हा प्रश्नच लागू होत नाही, पण ते दुसऱ्या कुठे होऊच शकलं नसतं हेही तितकंच खरं, ते फक्त तंजावरलाच होऊ शकलं.

त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, तंजावर चौकडी म्हणून प्रसिद्ध. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत ज्या क्रमाने होतो, तो बसवण्याचं श्रेय त्यांना देतात. पुण्यात कोथरूडच्या क्लासमध्ये ज्या मुली अरंगेत्रम (नाचाचा पहिला जाहीर कार्यक्रम) करतात त्यांच्या आयांनाही बहुतेक माहीत नसतं की या क्रमावर एका मराठी राजाच्या दरबाराचा हात फिरलाय, आणि त्या राजाने नाचासाठी मराठीत निरूपणं लिहिलीत. व्हायोलिनचंही तेच. मद्रासच्या बाजूला इंग्रजांच्या बँडमध्ये वाजायचं ते वाद्य बालुस्वामी दीक्षितर, वडिवेलू अशा लोकांनी हातात घेतलं, मांडी घालून बसले, टोक पायाच्या घोट्याला टेकवलं, तारा सा-पा-सा-पा लावल्या, आणि आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक संगीताची मैफल होत नाही. कोणी म्हणतं का की ख्रिस्ती वाद्याने कर्नाटक संगीत बुडवलं?

आता कीर्तन. आपला कीर्तनकार वीणा घेऊन, नाहीतर झांजा घेऊन उभा राहतो, पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये ओवी, अभंग, साकी, दिंडी. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरकडे होते, आणि महाराष्ट्रातून कीर्तनकार तिकडे जायचे. रामचंद्रबुवा मोरगावकर असेच गेले. त्यांची कीर्तनं ऐकणाऱ्यांत एक तमिळ तरुण होता, पुढे तंजावर कृष्ण भागवतर म्हणून मोठा झाला. त्याने मराठी कीर्तन जसंच्या तसं म्हटलं नाही आणि तमिळमध्ये त्याचं नुसतं भाषांतरही केलं नाही. कथेची उभारणी आपली घेतली, साकी-दिंडी-ओवी-अभंग ही वृत्तं घेतली, त्यात संगीतकार त्यागराजांच्या कृती बसवल्या, तमिळ पदं घातली, मृदंग ठेवला, आणि त्यातून जे उभं राहिलं ते तमिळ हरिकथा किंवा कथाकालक्षेपम्. आजही तमिळ भागवतर, म्हणजे तिकडचे कीर्तनकार, साकी आणि दिंडी या नावांनीच ती वृत्तं गातात. तमिळ मुलखात लावणी पण आहे बरं का, डफावर दोन पक्ष सवाल-जवाब करतात, मदन जळला की नाही जळला असा वाद, आपल्या कलगी-तुऱ्याची थेट चुलत बहीण.

आणि मग मजा अशी की इकडे अण्णासाहेब किर्लोस्कर, ते गुर्लहोसूरचे, बेळगावकडचे, यांनी १८८० ला 'शाकुंतल' आणि १८८२ ला 'सौभद्र' उभं केलं तेव्हा त्यांनीही साकी-दिंडी वापरली, पण शेजारी कानडी चाली घेतल्या, हिंदुस्थानी चिजा घेतल्या, पारशी नाटकवाल्यांकडून रंगमंचाच्या खुब्या घेतल्या. आणि भाव्यांनी तरी सांगलीत सुरुवात कशावरून केली, तर कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ तिथल्या राजेसाहेबांनी पाहिले आणि म्हणाले आपल्याकडे असं काही करा. म्हणजे ज्या संगीत नाटकाला आपण अस्सल मराठी मातीतलं म्हणून डोक्यावर घेतो त्याच्या घडणीत कानडी आणि पारशी दोन्ही हात आहेत, आणि त्याला साथ करायला जो ऑर्गन, जी पेटी आली ती युरोपची. पेटी तर आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं बाहेर ठेवली होती, भारतीय नाही म्हणून, स्वर स्थिर म्हणून. तेवढ्या काळात आपल्याकडच्या पेटीवाल्यांनी ती अशी काही वाजवली की बंदी घालणाऱ्यांचंच हसं झालं.

तर माझं म्हणणं असं आहे. घेण्याला माझी हरकत नाही, कोणाचीच नसावी. माझी कटकट घेऊन त्याचं काहीच न करण्याला आहे. कृष्ण भागवतराने घेतलं आणि त्यावर आयुष्य घातलं. भाव्यांनी, किर्लोस्करांनी घेतलं आणि त्यावर नाटक कंपन्या चालवल्या. आपण आज लग्नात संगीत घेतो म्हणजे काय करतो, तर इव्हेंटवाल्याला फोन करतो आणि तो तीन पॅकेज सांगतो. गाणी त्याचीच, स्टेप बसवणारा त्याचाच, पिवळ्या कमानी त्याच्या, अगदी नवऱ्या मुलीने कुठल्या गाण्यावर कसं यायचं हेही त्याचंच, आणि तेच्या तेच पॅकेज नागपुरात, लखनौला आणि न्यू जर्सीतल्या मराठी लग्नात. यात पंजाबी काय आहे तेही उरलेलं नाही हो, खऱ्या पंजाबी घरातल्या म्हाताऱ्या बायका ढोलकीवर जी टोमणे मारणारी गाणी म्हणतात ती यात कुठायत? म्हणजे पंजाबचीही संस्कृती आपल्याकडे आलेली नाही, आलंय ते पॅकेज.

म्हणून ग्रुपवरचा तो पहिला मेसेज मला पटत नाही. पण तो लिहिणाऱ्याला जे बोचतंय ते खोटं नाही. त्याला वाटतं परक्याचं आलं म्हणून बोचतंय, मला वाटतं आपण हात चालवायचं थांबवलं म्हणून बोचतंय. एखाद्या घरात संगीताच्या रात्री आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, मामाने रचून सगळ्या पाहुण्यांवर फटका म्हटला, नवऱ्या मुलाच्या मित्रांनी उखाण्यांचा सवाल-जवाब लावला, तर ते संगीत मराठी झालंच की. त्याला पंजाबहून आलेलं म्हणून नाव कोण ठेवणार?

आता कोणी म्हणेल तंजावरचं इतकं गोड चित्र काढू नकोस. बरोबर आहे. भोसले तिथे राज्य करायला गेले, कोणी आमंत्रण दिलं नव्हतं. ही सगळी नाटकं, ग्रंथालय, छापखाना, त्याचा पैसा कावेरीच्या खोऱ्यात भात पिकवणाऱ्या तमिळ कुळांच्या घामातून आला. राजाला पाच भाषांची हौस करायला काय जातं, त्याची नोकरी थोडीच जाणार होती. आणि कला जेव्हा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेली तेव्हा ती कशी गेली तेही बघा. १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी झालं, त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्यासोबत नाचणाऱ्या बायका, नट्टुवनार (नाच शिकवणारे गुरू), वादक असा ताफा बडोद्याला आला, आंदण म्हणून. भरतनाट्यम असं बडोद्याला पोचलं, म्हणजे माणसं भेट देऊन. त्यातल्या एका कुटुंबाने पुढे तंजोरकर आडनाव लावलं, आणि त्यांच्यातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात नाच शिकवत होते. तमिळ नर्तकीचं घर, गुजराती शहर, मराठी राजा आणि शेवटी आडनावाला 'कर'. ऐकायला छान वाटतं, पण त्या बायकांना विचारलं होतं का कोणी, यायचं का म्हणून? संस्कृतीच्या देवाणघेवाणीवर भाषणं देणारे हा भाग नेहमी गाळतात, आणि त्याने ती देवाणघेवाण खोटी ठरत नसली तरी तिची किंमत कोणी भरली हे लपतं.

आणि दुसरा आक्षेप जास्त टोकाचा आहे, तोही मला मान्यच करावा लागतो. तंजावरला मराठी भाषेचं पुढे काय झालं? दरबार गेला तशी ती घरात गेली. तंजावर मराठी अजून बोलतात, चेन्नईत, कुंभकोणमला, बंगळुरूला ही घरं आहेत, आडनावाच्या जागी राव लावणारी, आपल्या कानाला मजेशीर वाटणारी जुनी मराठी बोलणारी. त्यांच्यातूनच सर टी. माधवराव झाले, १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण. पण नव्या पिढीत ती भाषा आटत चाललीय, कारण तिच्यावर पोट चालत नाही, तिच्यात शाळा नाही. सरस्वती महालातले मोडी कागदांचे ढीगच्या ढीग वाचायला माणसं मिळत नाहीत. मग कोणी म्हणालं की बाबा, तुझं हे मिसळणं मुंबईत झालं तर मुंबईची मराठी पण अशीच दोन पिढ्यांत स्वयंपाकघरात जाऊन बसेल, तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

फक्त इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि ती मला फार महागात पडणारी वाटते. गाणं, नाच, जेवण, सणवार, कपडे हे वाटल्याने वाढतं. कृष्ण भागवतराने साकी नेली म्हणून आपल्याकडची साकी कमी झाली नाही. भाषेचं तसं नाही. भाषा टिकायला शाळा लागते, कोर्ट लागतं, बँकेतला फॉर्म लागतो, नोकरी लागते, आणि हे सगळं सरकारच्या हातात असतं आणि तिथे जागा मर्यादित असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा लोक चिडले, मीही चिडलो, आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला ते योग्यच झालं, कारण तो शाळेचा आणि सत्तेचा प्रश्न होता. पण त्याच भांडणाच्या धुरळ्यात लोक छठपूजेवर, करवा चौथवर, नवरात्रातल्या गरब्यावर घसरले, आणि त्याने शाळेच्या मुद्द्याला काडीचाही फायदा झाला नाही, उलट समोरच्याला म्हणायला मोकळीक मिळाली की यांना तर सगळ्याच परक्याचं वावडं आहे.

हे आधीही झालंय. १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि दाक्षिणात्यांविरुद्ध 'हटाव लुंगी' सुरू झालं. मराठी पोरांना क्लार्कची नोकरी मिळत नाही हे दुखणं खरं होतं, त्यावर स्थानिक भरतीची मागणी पण रास्त होती. पण उडप्यांच्या हॉटेलांवर दगड मारून भाषेचं काय भलं झालं? इडली तशीच राहिली, आज प्रत्येक मराठी घरात रविवारी होते, फ्रीजमध्ये पिठाची पिशवी असते. आणि माटुंग्याचे तमिळ बहुतेक आपल्याशी मराठीत बोलतात, बोलतच होते. कमी झालं ते वेगळंच, पालिकेच्या मराठी शाळांतली पोरं. ती शाळा सोडून गेली ती कुठल्या मद्राशाने पळवली नाहीत, आपणच आपल्या पोरांना तिथून काढलं, कारण त्या शाळेतून पुढे वाट दिसत नव्हती, आणि ती वाट तयार करून द्या असा आग्रह जितक्या जोराने धरायला हवा होता तितका आपण धरला नाही, पाट्यांवरच समाधान मानलं. पाट्या मराठीत हव्यातच, नाही कोण म्हणतं. पण पाटी वाचायला येणारं पोर दहावीला मराठीतून विज्ञान शिकून इंजिनिअरिंगला टिकलं पाहिजे, त्यासाठी पुस्तकं लागतात, शिक्षक लागतात, बजेट लागतं. मतं मागायला येणाऱ्याला हे विचारा, आणि तो करवा चौथवर बोलायला लागला तर त्याला तिथेच थांबवून परत शाळेवर आणा.